बंदिस्त पीककक्षासाठी एसी निवडताना पाण्याचा हिशेब

बंगळूरच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यालगत बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहत आहे. त्रिफेज वीज, पक्का रस्ता आणि मोठ्या शहराची बाजारपेठ हाताशी असल्याने अशा वसाहतीतील एखादी रिकामी शेड बंदिस्त शेतीसाठी सोयीची वाटते. शेडच्या आत पफ पॅनेलची खोली उभारायची, एलईडी दिव्यांखाली मांडणीवर पालेभाजी, स्ट्रॉबेरी किंवा बियाणे-संशोधनाची रोपे वाढवायची आणि वाढ वेगाने व्हावी म्हणून हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढवायचे, अशी ही पद्धत आहे. चाकण, रांजणगाव किंवा बुटीबोरी परिसरातील उद्योजक शेतकऱ्यांनाही हाच विचार आकर्षक वाटू शकतो.

या खोलीत दिव्यांच्या खालोखाल वीज लागते ती वातानुकूलन यंत्राला, म्हणजे एसीला. त्याची निवड मात्र बहुधा कार्यालयाच्या एसीसारखीच होते. खोलीची लांबी-रुंदी सांगितली जाते, विक्रेता टन सांगतो आणि यंत्र भिंतीवर चढते. टनांचा आकडा योगायोगाने बरोबर आला तरी महिन्या-दोन महिन्यांत पानांवर दव दिसू लागते, राखाडी बुरशी येते, किंवा उलट हवा इतकी कोरडी होते की लाल कोळी फोफावतो. यामागचे कारण खोलीच्या आकारात नसून पिकाने हवेत सोडलेल्या पाण्यात असते. या लेखात त्या पाण्याचा हिशेब मांडून एसीची निवड कशी करावी, हे पाहू.

खोली बंद का करावी लागते?

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आज ४२० पीपीएमहून थोडे अधिक आहे. बहुतेक भाज्या, स्ट्रॉबेरी, भात, सोयाबीन ही पिके सी-३ गटातील आहेत. पुरेसा प्रकाश, पाणी आणि अन्नद्रव्ये असतील, तर हे प्रमाण ८०० ते १,००० पीपीएमपर्यंत नेल्यास त्यांच्या प्रकाशसंश्लेषणाचा वेग वाढतो. मका, ऊस, ज्वारी ही सी-४ पिके आपल्या पानांतच हा वायू एकवटून घेतात, त्यामुळे त्यांना याचा लाभ फारसा होत नाही.

वाढवलेला वायू खोलीत टिकायचा, तर हवेची गळती थांबली पाहिजे. उदाहरणादाखल ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोली घेऊ. तिचे आकारमान ९० घनमीटर होते. ४२० वरून १,००० पीपीएमपर्यंत जाण्यासाठी एकदा सुमारे ९५ ग्रॅम वायू पुरतो. पण फटींतून, दारातून तासाला एकदा संपूर्ण हवा बदलत असेल, तर दर तासाला तेवढाच वायू पुन्हा सोडावा लागतो. १६ तासांच्या प्रकाशकाळात ही गळती सुमारे दीड किलो होते. मांडणीवर एकूण ३० चौरस मीटर पीक असेल आणि ते प्रति चौरस मीटर रोज २० ग्रॅम शुष्क पदार्थ तयार करत असेल, तर त्याला प्रत्यक्षात लागणारा वायू सुमारे ९०० ग्रॅम असतो. म्हणजे तासाला एकदा हवा बदलणाऱ्या खोलीत पीक खाते त्यापेक्षा भिंती अधिक खातात.

बंद खोलीत मात्र उष्णता आणि बाष्प यांनाही बाहेर जायला वाट उरत नाही. उघड्या हरितगृहात वारा जे काम फुकट करतो, ते सगळे आता यंत्राने करायचे असते.

उष्णतेचा हिशेब

वरील खोलीत ६ किलोवॉटचे एलईडी दिवे रोज १६ तास चालतात असे धरू. एलईडी ‘थंड’ असतात हा समज अपुरा आहे. दिव्याने घेतलेल्या विजेचा काही भाग लगेच उष्णता होतो. उरलेला प्रकाश होऊन पानांवर, मांडणीवर आणि भिंतींवर पडतो आणि शेवटी तोही उष्णताच होतो. प्रकाशसंश्लेषणात साठणारा अंश इतका अल्प असतो की यंत्र निवडताना तो सोडून दिला तरी चालतो. म्हणून ६ किलोवॉटचे दिवे म्हणजे ६ किलोवॉट उष्णता, असेच धरावे.

त्यात पंखे आणि पंप यांचे ०.६ किलोवॉट मिळवावेत. ६० मिलिमीटर पफ पॅनेलच्या भिंती आणि छत मिळून ९६ चौरस मीटर होतात. आत-बाहेर १२ अंशांचा फरक असेल, तर त्यांतून सुमारे अर्धा किलोवॉट उष्णता आत येते. काम करणाऱ्या माणसाची उष्णता धरून बेरीज सुमारे ७.२ किलोवॉट होते. शीतकरणाचा एक टन म्हणजे ३.५ किलोवॉट. त्यामुळे गरज २ टनांपेक्षा किंचित अधिक येते आणि २० ते २५ टक्के राखीव क्षमता धरली तर अडीच टन.

या बेरजेत भिंतींचा वाटा चौदाव्या हिश्शाइतकाच आहे. खोलीचे क्षेत्रफळ विचारून सांगितलेले टन का फसवे ठरतात, ते यावरून कळते. त्याच खोलीत मांडणीचा आणखी एक थर चढवून दिवे ९ किलोवॉटचे केले, तर क्षेत्रफळ तसेच राहते आणि उष्णता जवळपास दीडपट होते.

पाणी कोठे जाते?

आता याच ७.२ किलोवॉटकडे पाण्याच्या अंगाने पाहू. पीक मुळांवाटे जे पाणी घेते, त्याचा अगदी थोडा भाग शरीरात ठेवते. उरलेले सगळे पानांच्या रंध्रांतून बाष्परूपाने हवेत सोडते. खोली बंद असल्याने रोज टाकीत जेवढे पाणी भरावे लागते, जवळजवळ तेवढेच हवेतून काढावे लागते. पूर्ण वाढलेल्या पिकाला रोज ६० लिटर पाणी लागत असेल, तर रोज सुमारे ६० लिटर बाष्पाचे पुन्हा पाणी करून ते बाहेर काढण्याची जबाबदारी यंत्रावर येते.

एक लिटर पाण्याचे बाष्प होताना सुमारे ०.६८ युनिट विजेएवढी उष्णता त्यात सामावते. प्रकाशकाळात ५२ लिटर आणि ८ तासांच्या अंधारकाळात ८ लिटर, अशी विभागणी धरू. प्रकाशकाळात तासाला सव्वातीन लिटर बाष्प तयार होते. म्हणजे ७.२ पैकी सुमारे २.२ किलोवॉट उष्णता बाष्पात ‘सुप्त’ असते आणि ५ किलोवॉट हवेचे तापमान वाढवते. एसीचे शीत वेटोळे हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड असते, तेव्हा त्यावर बाष्प जमून पाणी होते आणि निचरा नळीतून बाहेर जाते. साधा एसी आपल्या क्षमतेचा साधारण पाव ते एक तृतीयांश भाग या कामाला देऊ शकतो. त्यामुळे दिवे चालू असताना वरील खोलीचे काम तो निभावतो.

अडचण दिवे मालवल्यावर सुरू होते.

अंधारातील आठ तास

दिवे बंद झाले की ६ किलोवॉट उष्णता एकदम नाहीशी होते. बोम्मसंद्रा समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने वर्षातील बऱ्याच रात्री बाहेरचे तापमान २० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली असते. भिंतींतूनही उष्णता येत नाही. पंख्यांची थोडीफार उष्णता पिकाचे बाष्प शोषून घेते. थंड करण्याजोगे काही उरत नाही, म्हणून एसीचा कॉम्प्रेसर थांबतो. तो थांबला की पाणी काढणेही थांबते. पीक मात्र तासाला एक लिटर बाष्प सोडतच राहते.

२४ अंश तापमान आणि ७० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना ९० घनमीटर हवेत सुमारे १ किलो ३७० ग्रॅम बाष्प असते. तीच हवा २० अंशांवर आली, तर तिची बाष्प धरण्याची कमाल मर्यादा सुमारे १ किलो ५६० ग्रॅम होते. शिल्लक जागा १९० ग्रॅमची. तासाला एक लिटर या वेगाने ती पाव तासाच्या आतच भरते. त्यानंतरचे पाणी पानांवर, पॅनेलच्या सांध्यांवर आणि नळ्यांवर दव होऊन बसते. सकाळी दिवे लागेपर्यंत पाने ओली राहतात. राखाडी बुरशी आणि केवडा यांच्या बीजाणूंना रुजण्यासाठी एवढा ओलावा पुरेसा असतो.

यावर अधिक टनांचा एसी हा उपाय नाही, त्याने अडचण वाढतेच. मोठे यंत्र खोली पटकन थंड करून लवकर थांबते. थांबल्यावर त्याचा पंखा चालू राहिला, तर वेटोळ्यावरचे पाणी पुन्हा हवेत जाते. इन्व्हर्टर एसी थांबण्याऐवजी वेग कमी करतो, पण कमी वेगात वेटोळे पुरेसे थंड राहत नाही आणि पाणी काढण्याची क्षमता घटते.

म्हणून अंधारकाळासाठी स्वतंत्र आर्द्रता-नियंत्रक यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, आवश्यक असते. ते निवडताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, त्याच्या पत्रकावरील ‘रोज इतके लिटर’ हा आकडा बहुधा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेवर मोजलेला असतो. २० ते २२ अंशांवर प्रत्यक्ष क्षमता त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरते. तासाला एक लिटर, म्हणजे रोज २४ लिटरच्या वेगाने पाणी काढायचे असेल, तर पत्रकावर ५० ते ६० लिटर लिहिलेले यंत्र पाहावे. दुसरी, हे यंत्र बाष्पातील सुप्त उष्णता आणि स्वतःची वीज, दोन्ही खोलीतच सोडते. एका युनिटमध्ये दीड लिटर पाणी काढणारे यंत्र प्रत्येक लिटरमागे सुमारे १.३५ युनिट उष्णता बाहेर टाकते. ही उष्णता एसीच्या हिशेबात धरावी. अंधारकाळात ती उपयोगीही पडते, कारण तिच्यामुळे तापमान फार खाली जात नाही.

मोठ्या प्रकल्पात पुनर्तापनाची सोय असलेली यंत्रणा घेता येते. ती हवा आधी दवबिंदूखाली थंड करून पाणी काढते आणि नंतर त्याच यंत्रातील टाकाऊ उष्णतेने ती पुन्हा कोमट करते. किंमत अधिक असली, तरी तापमान आणि आर्द्रता वेगवेगळी सांभाळता येते. एक-दोन खोल्यांच्या प्रकल्पाला मात्र स्प्लिट एसी आणि स्वतंत्र डीह्युमिडिफायर ही जोडी पुरेशी ठरते.

रोपावस्थेत उलटे चित्र

लागवडीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत त्याच खोलीत रोजचे पाणी ८ ते १० लिटरच लागते. दिवे मात्र चालू असतात. या काळात जवळजवळ सगळी उष्णता कोरडी असते. एसी जोरात चालतो आणि जे थोडे बाष्प आहे तेही काढून टाकतो, त्यामुळे आर्द्रता ४५ टक्क्यांपर्यंत किंवा त्याखाली घसरू शकते. रोपांची रंध्रे अंशतः मिटतात आणि विकत आणलेल्या कार्बन डायऑक्साइडला पानात शिरायला वाट कमी राहते.

म्हणून यंत्राची क्षमता पिकाच्या वाढीनुसार बदलता आली पाहिजे. अडीच टनांच्या एका यंत्रापेक्षा सव्वा-सव्वा टनांची दोन इन्व्हर्टर यंत्रे बरी. रोपावस्थेत वेग कमी ठेवून वेटोळे फार थंड होऊ न देता काम भागते, पुढे दोन्ही पूर्ण वेगाने चालवता येतात, आणि एक बंद पडले तरी दुसऱ्याच्या आधारे अर्धे दिवे चालू ठेवता येतात. आर्द्रतेची टक्केवारी एकटी पाहण्याऐवजी बाष्पदाब तूट पाहणे योग्य. २४ अंशांवर ७० टक्के आर्द्रता असेल, तर ही तूट सुमारे ०.९ किलोपास्कल येते. बहुतेक भाजीपाल्यासाठी ०.८ ते १.२ किलोपास्कल ही पट्टी सोयीची आहे.

कार्बन डायऑक्साइड वाढवल्यावर सी-३ पिकांच्या प्रकाशसंश्लेषणाला मानवणारे तापमानही काही अंशांनी वर सरकते. त्यामुळे टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची यांसारख्या पिकांत खोली २२ अंशांवर ठेवण्याचा हट्ट नसावा. २६ अंशांच्या आसपास पीकही साधते आणि वीजही वाचते. लेट्यूसमध्ये मात्र वेगवान वाढीबरोबर पानांच्या कडा करपण्याचा धोका असतो. तेथे तापमान संयमाने ठेवून पानांवरून हलका वारा सतत फिरता ठेवावा.

कोणता एसी चालतो, कोणता नाही?

खिडकीत बसवायच्या एसीला बाहेरची हवा घेण्याची झडप असते आणि चौकटीभोवती फटी राहतात. बंदिस्त खोलीसाठी तो अयोग्य. एका नळीचा फिरता एसी तर आणखी वाईट, कारण तो खोलीतील हवा सतत बाहेर फेकतो आणि तिची जागा घेण्यासाठी बाहेरची हवा फटींतून आत खेचली जाते. वायूही जातो आणि किडीही येतात. स्प्लिट, कॅसेट किंवा डक्ट पद्धतीचा, केवळ आतलीच हवा फिरवणारा एसी घ्यावा. डक्ट पद्धतीत ताज्या हवेची जोडणी नाही, याची खात्री करावी.

तारांकित लेबल वाचतानाही सावधगिरी हवी. आपल्याकडील ताऱ्यांच्या लेबलवरील वार्षिक वीजवापर वर्षाला १,६०० तास धरून काढलेला असतो. पीककक्षात रोज १६ तास म्हणजे वर्षाला ५,८४० तास भरतात. लेबलवरील युनिट प्रत्यक्ष बिलाशी जुळणार नाहीत. मात्र चालण्याचे तास इतके अधिक असल्याने अधिक ताऱ्यांच्या यंत्राची जादा किंमत येथे घरापेक्षा लवकर वसूल होते. उदाहरणातील खोलीत दिव्यांना रोज ९६ युनिट आणि प्रकाशकाळातील शीतकरणाला साधारण ३० ते ३५ युनिट लागतील, असा अंदाज धरता येतो.

एसीची क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून छापलेली असते. बंगळूर परिसरात उन्हाळ्यातही कमाल तापमान बहुधा ३३-३४ अंशांच्या आसपास राहते, म्हणून यंत्र छापील क्षमता देते. २४ एप्रिल २०१६ रोजी तेथे नोंदले गेलेले ३९.२ अंश हा अपवाद होता. जळगाव किंवा अकोल्यात मात्र पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेथे क्षमता घटते, म्हणून उच्च तापमानावरील क्षमतेचे पत्रक मागावे. उलट निफाडसारख्या ठिकाणी हिवाळ्यात पहाटे पारा ५ अंशांच्या आसपास येतो. आत दिवे चालू असतील तर अशा थंडीतही एसी चालवावाच लागतो, म्हणून थंड बाह्य हवेत चालण्याची त्याची मर्यादा विचारून घ्यावी. बाहेरचे युनिट पत्र्याच्या शेडच्या आत ठेवू नये. ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढते आणि सगळा हिशेब बिघडतो.

निचरा नळीकडे सहसा कोणी पाहत नाही. तिला यू-आकाराचा पाण्याचा सापळा नसेल, तर तिच्यातून वायू गळतो आणि गटारमाश्या व चिलटे आत येतात. सापळा असावा आणि तो कोरडा पडू देऊ नये. या नळीतून मिळणारे पाणी क्षाररहित असते. पण त्यात वेटोळ्यावरील धातूंचे अंश आणि जिवाणू येऊ शकतात, म्हणून तपासणी, गाळणी आणि निर्जंतुकीकरण करूनच ते टाकीत परत घ्यावे.

किडींच्या दृष्टीने एसी

खोली बंद आहे म्हणजे कीड येणार नाही, हा मोठा गैरसमज आहे. पांढरी माशी, फुलकिडे, मावा आणि लाल कोळी रोपांबरोबर, कोकोपीटबरोबर आणि माणसांच्या कपड्यांवरून येतात. आत पोचल्यावर त्यांना पाऊस, ऊन किंवा नैसर्गिक शत्रू यांपैकी काहीच भेटत नाही.

१,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइडने किडी मरतात, असेही सांगितले जाते. साठवणुकीतील धान्याची कीड मारण्यासाठी हा वायू ६० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ६ लाख पीपीएम, कित्येक दिवस ठेवावा लागतो. १,००० पीपीएम म्हणजे अवघा ०.१ टक्का. त्याचा परिणाम उलट दिशेने होऊ शकतो. वाढीव वायूत वाढलेल्या पानांत नत्राचे प्रमाण घटते आणि तेवढेच पोषण मिळवण्यासाठी पाने कुरतडणाऱ्या अळ्या अधिक पान खातात. हैदराबाद येथील केंद्रीय कोरडवाहू कृषी संशोधन संस्थेत भुईमुगावरील स्पोडोप्टेरा अळीच्या अभ्यासात असेच आढळले आहे.

आर्द्रतेशी किडींचा संबंध थेट आहे. उष्ण आणि कोरड्या हवेत लाल कोळ्याची एक पिढी ८ ते १२ दिवसांत पूर्ण होते. त्याला खाणाऱ्या फायटोसियुलस या परभक्षी कोळ्याची अंडी मात्र ६० टक्क्यांपेक्षा कमी आर्द्रतेत सुकून जातात. म्हणजे एसीने हवा फार कोरडी केली, तर कीड वाढते आणि मित्रकीटक घटतात. आर्द्रता फार वाढली, तर बुरशी आणि ओल्या माध्यमात वाढणारी बुरशीमाशी त्रास देतात. ६५ ते ७५ टक्क्यांची पट्टी दोन्ही बाजूंनी हितकारक आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने लाल कोळी आणि फुलकिडे यांवर ब्लॅप्टोस्टेथस या परभक्षी ढेकणाच्या संवर्धनाचे काम केले आहे. असे मित्रकीटक बंद खोलीत चांगले टिकतात, पण थंड हवेचा झोत थेट पिकावर येत नसेल तरच. हा झोत भुरीचे बीजाणू आणि कोळीही एका मांडणीवरून दुसरीवर नेतो. एसीची जाळी दर आठवड्याला धुवावी आणि तिच्याजवळ पिवळा चिकट सापळा लावावा.

हवा आतल्या आतच फिरत असल्याने अशा खोलीत कीटकनाशकाची धुरी किंवा फवारा माणसाला फार धोकादायक असतो. म्हणूनही आर्द्रता सांभाळून कीड रोखणे हा येथील पहिला उपाय ठरतो.

माणसाची सुरक्षितता

कार्बन डायऑक्साइडला रंग वा वास नसतो आणि तो हवेपेक्षा दीडपट जड असतो. १,००० पीपीएमला माणूस निर्धास्त काम करू शकतो. कामाच्या आठ तासांसाठी सर्वसाधारण मर्यादा ५,००० पीपीएम आहे आणि ४०,००० पीपीएम हे प्रमाण जिवाला तत्काळ धोका देणारे मानले जाते. ३० किलोचे एक सिलिंडर ९० घनमीटरच्या बंद खोलीत पूर्ण रिकामे झाले, तर प्रमाण १५ टक्क्यांच्या, म्हणजे दीड लाख पीपीएमच्या वर जाते. अशा हवेत माणूस मदतीसाठी हाक मारण्यापूर्वीच बेशुद्ध होतो.

म्हणून सिलिंडर नेहमी खोलीबाहेर, हवेशीर जागी आणि साखळीने बांधलेला असावा. आत केवळ बारीक नळी न्यावी. तिच्यावर वीज गेल्यावर आपोआप बंद होणारी झडप असावी. ५,००० पीपीएमला वाजणारा गजर आत आणि दाराबाहेर दोन्हीकडे हवा. गजर वाजल्यावर चालू करता येणाऱ्या उत्सर्जन पंख्याचे बटण बाहेर असावे. कोणीही एकट्याने आत जाऊ नये आणि आत कोसळलेल्या माणसाला वाचवण्यासाठी हवा बदलण्यापूर्वी दुसऱ्याने धावत शिरू नये.

वायूसाठी बंद खोलीत एलपीजी जाळणे सर्वथा टाळावे. एक किलो गॅस जळताना सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइडबरोबर दीड किलोहून अधिक पाणी आणि जवळपास १३ युनिट उष्णता तयार होते. हा सगळा बोजा एसीवरच येतो. शिवाय ज्वलन अपुरे झाले, तर माणसाला मारक कार्बन मोनॉक्साइड आणि पिकाची पाने-फुले गाळणारा इथिलीन वायू तयार होतो.

संवेदकाबाबत एक स्थानिक बाब लक्षात घ्यावी. बोम्मसंद्र्याच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १० टक्के कमी असतो. अवरक्त किरणांवर चालणाऱ्या संवेदकात उंचीची दुरुस्ती केली नाही, तर तो तेवढ्याच प्रमाणात कमी आकडा दाखवतो आणि झडप गरजेपेक्षा अधिक वायू सोडत राहते.

दुसरा धोका एसी बंद पडण्याचा. दिवे चालू राहिले, तर ९० घनमीटर हवेचे तापमान केवळ हवेचा विचार केल्यास मिनिटाला सुमारे ४ अंशांनी वाढते. मांडणी, पाणी आणि भिंती हा वेग कमी करतात, तरी अर्धा तास वाट पाहण्याची सवलत नसते. ठरावीक तापमान ओलांडताच दिवे आपोआप बंद होतील, अशी जोडणी करून घ्यावी. वीज परतल्यावर एसी पूर्वीच्याच तापमानावर आपोआप सुरू होतो का, हेही खरेदीपूर्वी पडताळावे.

बंद खोली हवीच का?

यंत्र घेण्यापूर्वी हा प्रश्न एकदा विचारणे हिताचे आहे. बंगळूर, पुणे किंवा नाशिकसारख्या सौम्य हवेच्या ठिकाणी रात्री दिवे लावून, बाहेरच्या २० अंशांच्या हवेने पंख्यांद्वारेच खोली २६ अंशांवर ठेवता येते. उदाहरणातील खोलीला त्यासाठी तासाला सुमारे ३,३०० घनमीटर हवा, म्हणजे ३६ वेळा हवाबदल लागेल. एसीची वीज वाचेल, बाष्पही बाहेर जाईल, आणि ५० मेशची कीटकरोधक जाळी लावून किडींचा शिरकावही बराच रोखता येईल. जाळी हवेला अडवते, म्हणून तिचे क्षेत्रफळ मोठे ठेवावे लागते.

पण अशा खोलीत वायू वाढवणे शक्य नाही. १,००० पीपीएम राखायला तासाला जवळपास साडेतीन किलो वायू लागेल आणि १६ तासांत ५५ किलोंच्या आसपास वाऱ्यावर जाईल. म्हणजे एकतर बाहेरची थंड हवा घ्यावी, नाहीतर वायू घेऊन खोली बंद करावी. एसी, डीह्युमिडिफायर, संवेदक आणि गजर यांचा सगळा खर्च वाढीव उत्पादनातून निघत असेल, तरच दुसरा मार्ग धरावा. जातिवंत रोपे, बियाणे-संशोधन किंवा उच्च मूल्याचे पीक असेल, तर तो निघण्याची शक्यता असते. सामान्य पालेभाजीसाठी पहिला मार्ग अनेकदा पुरेसा ठरतो.

खरेदीपूर्वी पडताळणी

१. दिवे, पंखे आणि पंप यांची एकूण वीज किलोवॉटमध्ये काढावी. तीच मुख्य उष्णता.
२. पूर्ण वाढलेल्या पिकाला रोज किती लिटर पाणी लागते, ते लहान चाचणीत मोजावे. प्रकाशकाळ आणि अंधारकाळ यांची नोंद वेगळी ठेवावी.
३. एकूण उष्णता भागिले ३.५ करून टन काढावेत, २० ते २५ टक्के राखीव धरावेत आणि ते दोन यंत्रांत विभागावेत.
४. अंधारकाळातील पाण्यासाठी स्वतंत्र डीह्युमिडिफायर घ्यावा. त्याची क्षमता २० अंशांवर किती, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.
५. एसी केवळ आतली हवा फिरवणारा असावा आणि निचरा नळीला पाण्याचा सापळा असावा.
६. गजर, झडप आणि दिव्यांची आपोआप बंद होणारी जोडणी यांची चाचणी सिलिंडर जोडण्यापूर्वी घ्यावी.
७. पहिल्या पिकात दिवे मालवल्यानंतरच्या पहिल्या तासाची आर्द्रता रोज नोंदवावी. ती ८५ टक्क्यांवर जात असेल, तर पाने ओली दिसण्याची वाट न पाहता पाणी काढण्याची क्षमता वाढवावी.